डावीकडची सीट

गॅसची टाकी दोन्ही हातांनी वीतभर उचलायची, डोळे मिटून क्षणभर तशीच धरायची आणि खाली ठेवता ठेवता निकाल द्यायचा, "जाईल अजून चार दिस." गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत सुरुवातीला त्याची ओळख एवढीच होती. कुणाही घरातून हाक आली की हातातलं काम टाकून तो यायचा, चपला दारात काढायचा, टाकी उचलायचा आणि पाणीसुद्धा न घेता परत जायचा.

निकाल बहुतेक वेळा खरा ठरायचा. एकदा मात्र त्याच्या भरवशावर राहून मी दुसरी टाकी आणवली नाही आणि ऐन सणाच्या दिवशी पुरण अर्धकच्चं असताना शेगडी विझली. मी तणतणत त्याच्या शेडपाशी गेले. गाडीखालून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "ताई, टाकीनं दगा दिला, म्या नाय." माझा स्वभाव तसा तिरसट, पण यावर मलाही हसू आलं.

मी त्याच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. तोंडावर त्याला भाऊ, तुम्ही म्हणायचे. मनात मात्र तो कायम 'तो'च राहिला. तुम्हालाही असं कुणी भेटलं असेल, ज्याच्याशी भांडता भांडताच आपण त्याला घरातलं धरायला लागतो.

उचलून बघायची सवय बापाकडून आलेली. बाप मेंढरं राखायचा. देवगाव रंगारीकडच्या बाजारात बोकड विकायला नेला की आधी विकणारा त्याला कवेत घेऊन उचलतो, मग गिऱ्हाईक उचलतं आणि त्यानंतरच बोलणं सुरू होतं. हा लहानपणापासून बोकडं उचलत वाढला. शहरात येऊन गाड्या दुरुस्त करायला लागला तरी हाताची खोड गेली नव्हती.

आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड होती. तिथं तो आणि त्याचा धाकटा भाऊ काम करायचे. ती वर्षं मोठी विचित्र होती. पाऊस लागोपाठ हुलकावणी देत होता, नळ कधी येईल याचा नेम नव्हता, आणि तिकडे बायपासला मात्र मजल्यांवर मजले चढत होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या दारात लांबलचक परदेशी गाड्या उभ्या राहिल्या. सांभाळणं झेपेनासं झालं की त्या गाड्या या दोघांच्या शेडमध्ये येऊन पडायच्या.

त्यातलीच एक काळी जर्मन गाडी दोघा भावांनी पडेल त्या भावात घेतली. तिची शर्यतीची गाडी करायची, हे धाकट्याचं वेड. तो काही वर्षं दक्षिणेत एका गॅरेजात होता, तिथल्या ट्रॅकवर दुसऱ्यांच्या गाड्या पळवून आला होता. थोरल्याला सारखं सांगायचा, "दादा, तू एकदा तिथं चालवून बघ. तिथं समोरनं कुणी येत नाय." मी हे वाक्य भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या मुलीही ते म्हणायला लागल्या होत्या.

पुढचं मी थोडक्यातच सांगते. धाकट्याची सासुरवाडी वैजापूरची. तिथून एका संध्याकाळी दोघं त्या गाडीतून "एक चक्कर मारून येतो" म्हणून निघाले. थोरला चालवत होता, धाकटा शेजारी डावीकडे. रस्त्यात कांद्याचा ट्रॅक्टर उभा होता, मागे दिवा नाही की काही नाही. थोरल्यानं शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे घेतली. डावी बाजू गेली आणि धाकटा जागच्या जागी संपला. थोरल्याला ओरखडाही आला नाही.

वर्षभरानं त्यानं ती गाडी पोलिसांच्या आवारातून ओढून आणली. भंगारात घाल म्हणून सगळ्यांनी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून चेपलेला डावा दरवाजा ठोकून सरळ करायला घेतला. तो आवाज आठवला की आजही माझं जेवणावरचं लक्ष उडतं.

मी घरी बसून एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपना ड्रॉइंग काढून द्यायचे. एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला. गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून शर्यतीच्या गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात. त्याचं ड्रॉइंग त्याला हवं होतं. माझे आजेसासरे निजामाच्या कचेरीत कारकून होते, कागद नीट ठेवणं एवढाच आमच्या घराण्याचा पराक्रम. शर्यतीशी आमचा काय संबंध? पण मी हो म्हटलं.

काम कसं चालायचं ते बघण्यासारखं होतं. शर्यतीची गाडी हलकी लागते. तो एकेक भाग सोडवायचा, हातात धरून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जड हाय. जाऊ द्या." एसी गेला, गालिचे गेले, लाकडाच्या पट्ट्या गेल्या, गाण्याचे डबे गेले. मागचं कातडी गुबगुबीत बाकडं त्यानं गल्लीतल्या कडुनिंबाखाली ठेवून दिलं. मग टँकरची वाट बघणारे आमचे पेन्शनर त्यावर पाय पसरून बसायला लागले. घागरींची रांग मागे, पुढे हे साहेब जर्मन बाकड्यावर. बायकांनी त्यांना यथेच्छ बोलून घेतलं.

डावीकडची पुढची सीट मात्र जागेवर होती. तिच्यावर धाकट्याचं हेल्मेट ठेवून त्यानं पट्टा लावला होता. मी पिंजऱ्याची एक नळी त्या बाजूनं आडवी दाखवली, कारण ती तिथूनच जायला हवी होती. त्यानं कागदावर बोट ठेवलं. "इथनं नको, ताई. त्याला चढता येत नाय मग."

मी पेन्सिल खाली ठेवली. तो मात्र दुसऱ्या नळीबद्दल बोलायला लागला होता.

दुपारी गल्ली सुन्न असायची. पंखे बंद, लोक आडवे झालेले. भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज यायचा, मग त्याचा, "दाबू का?" मग तो गप्प व्हायचा. समोरच्याचं ऐकताना माणूस जेवढा थांबतो तेवढाच थांबायचा, आणि म्हणायचा, "बरं." गाडी जागची हलायची नाही. अपघातानंतर त्यानं गाडी अशी चालवलीच नव्हती. ढकलत्या नाहीतर ओढत्या गाडीचं स्टिअरिंग तेवढं धरायचा. पहिल्यांदा मला भीती वाटली. नंतर एखाद्या दुपारी ते "बरं" ऐकू आलं नाही तरच मला चैन पडेनासं झालं.

धाकटा सांगायचा त्याच दक्षिणेतल्या ट्रॅकवरच्या शर्यतीला त्यानं नाव दिलं होतं. शर्यतवाल्यांना गाडीचं वजन कळवायचं होतं, म्हणून ती टेम्पोला बांधून मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या वजनकाट्यावर नेली. तो स्टिअरिंगवर, मी टेम्पोत. मलाही ड्रॉइंगसाठी पुढचं-मागचं वजन हवं होतं, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही होती. काट्यावर वजन करताना सगळ्यांनी उतरायचं असतं. तो उतरला. तेवढ्यात खिडकीतून काटेवाला ओरडला, "अरे भाई, बाजूवाले कू बी उतारो ना!"

गाडीत कुणी नव्हतं. पट्ट्यात बांधलेलं हेल्मेट तेवढं होतं; उन्हाच्या तिरिपीत लांबून माणसासारखं दिसलं असेल. मी तेच सांगणार होते. पण हा खिडकीपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या त्याला. त्याच्यासकट करा." परत येताना टेम्पोत मी ड्रायव्हरशी बाजारभावांचे आणि पावसाचे विषय काढत राहिले, उगाच.

आणि मग शर्यतवाल्यांचा फोन आला. गाडी घेऊन या, पण आत सीट एकच चालेल. एक माणूस, एक सीट, हा त्यांचा नियम. त्यानं मला हे सांगितलं आणि त्या दिवसापासून काम थांबलं. गाडीवर ताडपत्री पडली. शर्यत जवळ येत होती आणि हा शेडच्या दारात नुसता बसून असायचा. बायकांच्या हाकांनाही ओ देईना.

मला राहवलं नाही. "भाऊ, एक तर ती सीट काढा, नाहीतर गाडी भंगारात घाला. त्याला ट्रॅकवर जायचं होतं ना? मग दोन्हीतलं एक काहीतरी करा."

"काढली तर तो बसल कुठं, ताई?"

मी घरी आले आणि भाताला फोडणी देताना हात भाजून घेतला.

त्यानंतर चार-दोन दिवसांतच त्याची भावजय, धाकट्याची बायको, वैजापूरहून आली. तिथल्या अंगणवाडीत ती काम करायची. काम अडलंय हे तिला सासूकडून कळलं होतं. ती आधी माझ्या घरी आली, कारण नवऱ्याच्या थोरल्या भावाशी समोरासमोर बोलायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. मध्ये कुणीतरी लागतं. त्या दुपारी ते मध्ये असणं माझ्या वाट्याला आलं.

शेडमध्ये आम्ही तिघं उभे होतो. ताडपत्री त्यानं काढली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, त्यांना विचारा, हे कुठल्या बाजूला बसले होते. मला कुणी सांगितलंच नाय."

तो तीन हातांवर होता. त्यालाही सगळं ऐकू जात होतं. तोही माझ्याकडेच बघून म्हणाला, "सांगा, डाव्या."

"विचारा, काही बोलले का?"

तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते. "सांगा, हसत होता. दाब म्हणत होता. ट्रॅक्टर त्याला दिसलाच नाय."

"विचारा, मी बसू का तिथं?"

त्यानं पट्टा सोडला, हेल्मेट उचललं, दरवाजा उघडून धरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. ती आत बसली. दोन्ही हात सीटच्या कडांवर टेकवले आणि समोरच्या काचेतून शेडच्या पत्र्याकडे बघत राहिली. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवायला गेले नाही.

बऱ्याच वेळानं ती उतरली. पदर सावरला नाही. सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"आत कुणी नाय, दादा. मी बसून बघितलं. काढा आता."

त्यानं पाना घेतला. तीन बोल्ट सुटले, चौथा गंजला होता, त्याला तेल सोडून थांबावं लागलं. मग त्यानं सीट कवेत धरून बाहेर काढली. मी सवयीनं विचारून गेले, "किती?" आणि लगेच जीभ चावली.

"आज नाय सांगता येत, ताई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या मोकळ्या जागेतून नळी गेली. आठवड्याभरात गाडी ट्रकवर चढली. सोबत भावजय गेली. सासूनंच पाठवलं म्हणाली. गल्लीतल्या बायकांनी गाडीला ओवाळलं. तो मला म्हणाला, "जातो, ताई." येतो म्हणायचं असतं, एवढंही मी त्याला सांगितलं नाही.

तो परत आला नाही. पंधरा-वीस दिवसांनी शेडची किल्ली द्यायला ती एकटीच आली. मी ती प्लॉटमालकाला दिली आणि त्यानं लगेच शेड पाडली. आज तिथं मोठी इमारत आहे. तळमजल्यावर भारी गाड्या उभ्या असतात आणि दुपारी तिकडून कसलाच आवाज येत नाही. टाकी हलवून बघायची सवय मला लागली आहे. काही कळत नाही.

किल्ली देताना तिनं जे सांगितलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो.

"तिकडंच राहिलेत," ती म्हणाली. "तिथल्या गॅरेजात काम धरलंय."

"शर्यतीचं काय झालं?"

"लई लांबसडक सरळ रस्ता हाय तिथं. पुढं काय बी नव्हतं, ताई. दादांनी मधीच ब्रेक मारला. मागचे सगळे पुढं गेले. दुसऱ्या फेरीला पुन्हा तिथंच. सगळ्या फेऱ्यांना तिथंच."

"कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की. म्हणाले, तिथं ट्रॅक्टर उभा हाय."

मग मी म्हटलं, "म्हणजे सगळ्यात शेवटी आले. तुला किती वाईट वाटलं असेल."

तिनं मान हलवली. "नाय, ताई. वैजापूरला त्या संध्याकाळी निघताना हे म्हणाले होते, चहा टाक, आलोच. मी आत चहा टाकला. तो आटून गेला, गाडी आलीच नाय. तिथं ट्रॅकपाशी मी कठड्याला धरून उभी होते. सगळ्या गाड्या येऊन थांबल्या. लोक उठून चालायला लागले. मी उभीच. मग ती वळणावरून दिसली. हळू आली, ताई, पण आली."