उजवा गाल

आमच्या ह्यांची तुळसाआत्ये मासासुद्धा उलटून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. कोळीण वैतागायची, "अगो, एका बाजूने ताजा नि दुसऱ्या बाजूने शिळा असतो काय?"

"असतो बाय. मला विचार," आत्ये म्हणायची.

तिच्या लग्नात मुंडावळ्या नि कानावरून पुढे ओढलेला पदर. डावा गाल तेवढा दिसला, नवरा खूश! उजव्या गालावरचे देवीचे वण त्याला दुसऱ्या दिवशी उजेडात दिसले, आणि तो जो मुंबईला गेला तो गेलाच मेला. आत्ये माहेरी राहिली, उभ्या जगावर संशय घेत.

एकतीस साली माझ्या नणंदेला, काशीला, मुंबईच्या गिरणीतलं स्थळ आलं. मध्यस्थी करणारे धोंडूमामा मुलाचा फोटो घेऊन आले. भागोजी त्याचं नाव. एका अंगाने बसलेला, डोक्याला फेटा. काय नाक, काय मिशी! काशी येता-जाता फोटो बघायची. मीही म्हटलं, राजबिंडा आहे हो!

"अर्धा राजबिंडा," आत्ये म्हणाली. "उरलेला तुम्ही पदरचा घातलात. झाकलेलं सगळं सुंदरच वाटतं माणसाला. ह्याच्या उजव्या गालाला काय झालंय?"

"फोटो असेच काढतात, तुळसाबाय!" धोंडूमामा उखडले.

"मग त्याला आणा. भर दुपारी खळ्यात बसवा."

हिला पोरीचं बरं बघवत नाही, असं घरात सगळेच कुजबुजले.

भागोजी आला. खळ्यात ऊन रणरणत होतं, पण हा तिरकाच बसला, फेटा कानाखाली ओढून. आत्ये सरळ वळसा घालून पलीकडे गेली. "फेटा काढ, बाबा."

धोंडूमामांचं तोंड उतरलं. भागोजीने फेटा काढला. उजवा गाल वाफेने भाजलेला, कान अर्धाच.

"आधीच सांगा म्हणून मी मामांच्या पाया पडलो होतो," तो खाली बघत म्हणाला.

मला वाटलं, आता आत्ये त्याला हाकलणार. तिने आत हाक मारली. "काशे, बाहेर ये. पदर मागे घे, त्यालाही नीट बघू दे. नाही म्हणायचं तर दोघांनी आत्ताच म्हणा."

काशी आली. उन्हात उभी राहून तिने त्याच्याकडे अगदी सावकाश बघितलं.

"फोटोत नाक जरा बरं दिसत होतं," ती म्हणाली. मग त्यालाच विचारलं, "चहा गुळाचा चालतो ना?"

भागोजीला हसू फुटलं. आत्ये मात्र पदर तोंडाला लावून रडत आत गेली. तिच्याकडे तिच्या नवऱ्याने एवढा वेळही बघितलं नव्हतं.