चंदीतलं मीठ

आमच्या घरात घोडीचा विषय निघाला की आई म्हणायची, "निघाली माझी सवत!" बाबा हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत. त्यांचा जन्म मोतद्दारीत गेला. घोड्यांना खरारा करायचा, चंदी म्हणजे हरभरा-कोंड्याचं खाणं द्यायचं, लीद काढायची. शर्यतीतून बाद झालेली एक तांबडी घोडी शेवटची अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. निवृत्त झाल्यावरही बोरिवलीहून दोन बस बदलून ते आठवड्यातून तीनदा गोरेगावच्या पुढच्या त्या तबेल्यात जायचे. कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "माज्या हातचा खाल्ल्याशिवाय तिका बरा वाटणा नाय."

मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. बाबा सोसायटीत सगळ्यांना सांगतात, पोरगी घोड्यांची डॉक्टर आहे. मी डॉक्टर वगैरे काही नाही. घोड्यांच्या चरबीतून मूळपेशी काढायच्या, त्या वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांचं खाद्यपाणी बदलायचं, ही माझी नोकरी. लंगडणाऱ्या घोड्याच्या पायात त्या टोचतात. मग आमच्या मॅडमनी ठरवलं की या पेशी गोठवून साठवायच्यासुद्धा. कारण परदेशात अशा पेशींपासून मेलेल्या घोड्याचं हुबेहूब शिंगरू जन्माला घालतात. हे मी एका रविवारी जेवताना सहज बोलून गेले. तोंडाला कुलूप घालता आलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तीच?"

"तीच नाही हो, तिच्यासारखी. उशिरा जन्मलेली जुळी बहीण समजा." मूळपेशी म्हणजे काय तेही मी त्यांना कणकेचा गोळा दाखवून सांगितलं. याची पोळी व्हायची की पुरी, हे अजून ठरायचं असतं.

"ती माका वळाखतली?"

"नाही."

"नाय वळाखूंदे. मी वळाखतलंय."

आई म्हणाली, "घ्या! एक सवत पुरली नाही." पण बाबांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "आणि पेशी काढूच्या आधीच गेली तर?"

"गेल्यावरही काही तास पेशी जिवंत असतात. कानाचा एवढासा तुकडा पुरे. नीट ठेवला की टिकतो."

हे मी मोबाइलवर बोट फिरवत बोलले होते. नीट म्हणजे कसा, ते मी सांगितलं नाही. घोडी जिवंत असतानाच नमुना घ्यायचा होता, तबेल्याच्या मालकांचीही हरकत नव्हती. मी तीन रविवार 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणत राहिले. का? आळस. दुसरं काही कारण नाही.

घोडी एका गुरुवारी सकाळी पोटशुळाने गेली. पेशींच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. दुपारी बाहेर येऊन पाहिलं तर बाबांचे नऊ कॉल. मी उलट फोन करायच्या आत वॉचमनच सांगत आला की तुमचे वडील खाली बसलेत.

गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बाबा बसले होते. शर्टाला तांबडे केस चिकटलेले, मांडीवर माझ्या शाळेतला स्टीलचा डबा.

"गेली गो," ते म्हणाले. मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "पण काळजी करू नको. कान आणलंय. डॉक्टराकडून कापूचा पाता मागान घेतलंय, आणि मीठ लावलंय भरपूर. आता कुसाचा नाय."

आई दर उन्हाळ्यात कैऱ्या मिठात घालते, बांगडे खारवते. एवढा मोठा पावसाळा कोकणात आमची माणसं मिठाच्या जिवावर काढत आली. बाबांना जेवढं नीट ठेवणं ठाऊक होतं, तेवढं नीट त्यांनी ठेवलं होतं. मीठही तिच्याच चंदीत घालायचं, जाडं. मी झाकण उघडलं. तुकडा आक्रसून गेला होता आणि डब्याच्या तळाला पाणी सुटलं होतं. मीठ पेशीतलं सगळं पाणी शोषून घेतं, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. बर्फावर ठेवा, एवढंच सांगायचं होतं मला. नऊ वेळा विचारलं होतं त्यांनी.

मी म्हणाले, "बरं केलंत."

दुसरं काय म्हणणार? तुमच्याच हातांनी तिचा शेवटचा जीव घेतलात, असं? ज्या हातांनी तिला अकरा वर्षं भरवलं, त्यांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. तुकडा मी धुतला, पुन्हा धुतला, पेशी वाढायला लावल्या, पंधरा दिवस रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. एकही पेशी जगली नाही. सोळाव्या दिवशी तो नियमाप्रमाणे कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला. बाबांना मी सांगितलं, पेशी गोठवायच्या टाकीत ठेवलंय.

मग दर रविवारी तोच प्रश्न. किती दिस लागतले? मी म्हणायची, परवानगी यायचीय. परदेशातून माणसं यायचीयत. थाप मारायची एकदा सवय लागली की ती सुचत जाते. आई गावी जाऊन राहू या म्हणून मागे लागली होती. बाबा म्हणायचे, शिंगरू येऊंदे, मग बघू.

दरम्यान प्रयोगशाळेत लांबलांबून नमुने येऊ लागले. मोतद्दारांसाठी सूचनांचा मोठ्या अक्षरांतला कागद मी मराठीत लिहिला. पहिलीच ओळ लिहिली, 'मीठ अजिबात लावू नये. मिठाने पेशी मरतात.' मॅडम हसल्या. "अगं, मीठ कोण लावेल? काढ ती ओळ." मी हट्टाने ठेवली, आणि कागद दाराशेजारी डकवला.

गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. इतकी वर्षं धूसर दिसायचं, आता रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची हौस आली. अंधेरीच्या डॉक्टरकडे तपासणी होती त्या दिवशी म्हणाले, "इलंयच हंय, तर टाकी दाखव."

मी दाखवली. झाकण उचललं तसा पांढरा धूर बाहेर सांडला. बाबा वाकले आणि त्यांनी जिभेने टचक् टचक् असा आवाज केला, तबेल्यात शिरताना करायचे तसा. टाकीत दुसऱ्या घोड्यांच्या पेशी होत्या. मला तिथे उभं राहवेना. पाणी आणते म्हणून मी बाहेर पळाले.

परत आले तर बाबा दाराशेजारच्या कागदापुढे उभे होते. पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होते, ओठ हलत होते. ओळ संपली, बोट पुन्हा मागे आलं. पुन्हा तीच ओळ.

मी हाक मारली, "बाबा."

त्यांनी बोट काढलं. पाणी प्यायले. "चल, बस चुकात," म्हणाले. बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, पण एकही पाटी वाचली नाही.

त्यांनी मला काही विचारलं नाही. मीच सांगायला हवं होतं, अजूनही हवं. चूक तुमची नव्हती, माझी होती, इतकंच. रविवारी आईबाबांकडे जायला निघताना हे वाक्य जुळवून जाते आणि तसंच परत आणते. शिंगराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आई पान वाढताना आधी मीठ वाढते, डाव्या हाताला, चिमूटभर. बाबा बसतात, ते मीठ बोटाने गोळा करून पानाबाहेर ठेवतात, आणि मग जेवायला लागतात. आईला वाटतं, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय.