मोरीतलं पेट्रोल

टीव्हीवर सीमेवरची लढाई सुरू होती आणि इकडे लातुरात पेट्रोल भरून ठेवावं की नको, आमचं काहीच ठरेना. बातम्यांत सांगत होते, इंधन भरपूर आहे. माझे मालक म्हणाले, "भरपूर हाय म्हणून सांगायलेत, म्हंजे संपत आलं." ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत, त्यामुळे असल्या आश्वासनांचा अर्थ त्यांना चांगला कळतो. त्यांनी तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पेट्रोल आणलं आणि मोरीत ठेवलं. आम्ही राहतो महापालिकेच्याच क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, आणि मोरी स्वयंपाकघरातच.

मग पालिकेची सूचना आली. घरात इंधन साठवू नका, आगीसाठी पाण्याची बादली भरून ठेवा. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही आणि आगीसाठी म्हणे बादली! सासूबाईंनी भरून ठेवली खरी, पण वर ताट झाकलं आणि कुणाला हात लावू देईनात. त्यांचं माहेर चाकूरकडचं, अर्धा जन्म टँकरमागे पळण्यात गेलेला. आंघोळीच्या पाण्याखालीसुद्धा पत्र्याचं टोपलं लावायचं आणि ते झाडांना घालायचं, हा त्यांचा कायदा.

एका दुपारी क्वार्टर तपासायला माणसं आल्याची बोंब झाली. मी घाबरून कॅन उचलला आणि मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवला. झाकण सैल होतं, फरशीभर धार लागली होती, हे मागे वळल्यावर दिसलं. गॅसवर चहा उकळत होता. भक्कन पेटलं. जाळाच्या पलीकडे आतली खोली, आणि तिथे माझी दोन वर्षांची लेक झोपलेली.

मी बादलीवर झेप घेतली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "पाणी नगं!" मला वाटलं, ही बाई खुळी झाली. पोर आत अडकलीय आणि हिला बादलीची पडलीय. मी त्यांना चक्क शिवी हासडली. त्यांनी रांजणाभोवतीचं ओलं गोणपाट ओढून जाळावर टाकलं, वरून वाकळ टाकली. जाळ बसला तशी मी आत धावले. लेक रडत होती, पण धड होती.

तपासायला आलेल्यांतला एक जण कॅन घेऊन जाताना म्हणाला, "पाणी ओतलं असतं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पार पोरीपर्यंत गेलं असतं. आजीला कुणी शिकवलं?"

तो गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"काय ठाऊक असतंय? पाणी सांडायचं न्हाई, एवढं ठाऊक हाय."

पाया पडावं की भांडावं, मला कळेना. मनगट धरलं ते पोरीसाठी की पाण्यासाठी? मी उरलेली दुपार त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या ज्वारी निवडत होत्या.

संध्याकाळी लेकीच्या केसांतला धुराचा वास जाईना. सासूबाईंनी तिला मोरीत बसवलं, बादलीवरचं ताट काढलं आणि तांब्यावर तांब्या ओतत राहिल्या. खाली टोपलं लावायचंही त्यांना सुचलं नाही. बादली रिकामी झाली. नळ कधी येईल याचा पत्ता नव्हता.