छत्रीची खूण

नरसिंगअण्णा गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी ते टीव्हीवर वाचलं. बिदरच्या ज्या दवाखान्यात मी औषधांच्या काउंटरवर बसते, तिथल्या हॉलमध्ये भिंतीवर एक मोठा टीव्ही आहे. पेशंटांचे टोकन नंबर दिवसभर त्याच्यावर सरकत असतात. त्या सकाळी नंबर थांबले आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत अण्णांचं नाव आलं. आडनाव आधी, नाव शेवटी, आणि तेही चुकीचं लिहिलेलं. बाजूला एक हलणारी समई, खाली इंग्रजीत दोन-तीन ओळींचा शोक. हॉलमध्ये तेव्हा अण्णांना ओळखणारी निदान वीसेक माणसं बसलेली असतील, पण कोण गेलं ते त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही. एक म्हातारा त्या समईकडे बघून शेजारणीला म्हणाला, "दिवाळीचं काय तरी लावायलेत." मग समई गेली आणि नंबर पुन्हा सुरू झाले. मी कुणाचं तरी खोकल्याचं औषध हातात धरून तशीच उभी. रडू नंतर आलं. आधी आली ती शिसारी. ह्याच टीव्हीवर पेनानं चार अक्षरं लिहू द्या, एवढंच अण्णा मागत होते. ज्यांनी ते दिलं नाही, त्यांनीच आज समई लावली होती...

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहून काही उपयोग नाही, हल्ली सगळे सारखेच. मी नोकरीला लागले तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या दशकात, तो एका डॉक्टर नवरा-बायकोचा साधा दवाखाना होता. अण्णांचं काम एकच, पेशंटला हाक मारून आत पाठवायचं. ते आमच्या औरादकडचे. बाप-आजा मेंढरं राखणारे, आणि तो माळावरचा आवाज अण्णांनी शहरात जसाच्या तसा आणला होता. हॉलच्या ह्या टोकाला हाक दिली की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचा पेशंट कप ठेवून पळत यायचा. बरं, नुसता आवाजच नव्हता. आमच्या भागात माणसाचं कागदावरचं नाव वेगळं आणि तोंडातलं वेगळं. म्हातारीला स्वतःचं रेशनकार्डावरचं नाव पुकारलेलं कळतच नाही, कारण त्या नावानं तिला जन्मात कुणी हाक मारलेली नसते. अण्णा हाक मारायचे ती अशी : "मैलूरच्या मास्तरची माय कुटंय? ऊठ की! डाक्टर काय तुज्याकडं उठून येणार हाय?" कानडी माणसाला कानडीत, मुसलमान बाईला दखनीत. मी नवीन असताना एकदा नाक मुरडून म्हणाले होते, "अण्णा, जरा हळू. दवाखाना आहे." त्यावर ते म्हणाले, "पोरी, बापानं ह्यो आवाज मेंढरं वळवायला दिला. मी माणसं वळवायलोय. हळू कामून करू?"

त्यांना देवमाणूस वगैरे करायची माझी इच्छा नाही. ते हट्टी होते, तिरसट होते, माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचे आणि वर मीठ जास्त झालं म्हणून सांगायचे. तंबाखूची गोळी गालात कायम. मी औषधवाली असून त्यांना कधी ती सोडायला लावू शकले नाही. "तुजी औषधं खाऊन कोण जगलंय सांग," असं वर तोंड करून विचारायचे. शेवटी जे व्हायचं ते झालं. घशात गाठ निघाली, हैदराबादला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. काही महिन्यांनी परत आले तेव्हा गळ्यावर भोक आणि त्याच्यावर पांढरा रुमाल. ओठ हलायचे, भोकातून नुसती हवा यायची. तो आवाज मी ऐकलेला होता, म्हणून त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नाही.

मधल्या काळात दवाखाना एका मोठ्या कंपनीनं विकत घेतला होता. फरशी बदलली, एसी आला, भिंतीवर टीव्ही लागला आणि अण्णांच्या टेबलावर एक नव्या तऱ्हेचा कॉम्प्युटर आला. काचेला बोट लावलं की चालायचा, आणि त्याच्यासोबत एक पेन होतं, त्यानं काचेवर लिहिता यायचं. तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल करायला शफी म्हणून एक माणूस होता. त्यानं तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला आणि अण्णांच्या हातात पेन दिलं. "लिखो अण्णा," म्हणाला. अण्णांनी काचेवर माझं नाव लिहिलं. मी मान वर केली तर टीव्हीवर, हाताएवढ्या अक्षरांत, त्यांच्या त्या तिरक्या वळणात माझं नाव! खाली आणखी एक ओळ होती : "भाजीत मीठ जास्त." अख्खा हॉल हसला. अण्णाही हसले, बिनआवाजाचे, खांदे हलवत.

त्यानंतरची दोनेक वर्षं त्या हॉलमध्ये जे चाललं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. अण्णांना मराठी, कानडी आणि उर्दू तिन्ही लिपी यायच्या. ज्याला जे वाचता येतं त्यात ते त्याचं तोंडातलं नाव लिहायचे. आणि ज्याला काहीच वाचता येत नाही, त्याला एक खूण द्यायचे. आल्याबरोबर टेबलापाशी बोलवायचे, काचेवर काहीतरी काढून दाखवायचे... कंदील, फणी, तांब्या, शेळी. ही तुझी खूण, टीव्हीवर दिसली की ऊठ. करजगीची काशीबाई मैलूरला लेकीकडे राहायची आणि शुगर तपासायला यायची. तिची खूण छत्री. खूण एकदा ठरली की कायमची, दर वेळी तीच. माणूस आत गेला की अण्णा पेन फिरवून चित्र पुसायचे, म्हणजे पुढच्यानं बघावं. म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, "तुजं काय हाय?" "माजी शेळी." "माजा कंदील गं, अजून लागला न्हाई."

आणि मग एका सकाळी पेन चालेना. अण्णांनी पेन झटकलं, टोक चोळलं, काच पुसली. शफी आला, कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी जाऊन त्यानं एक पान उघडलं. त्याच्यावर लिहिण्याची सोय चालू-बंद करायची चौकट होती, पण ती सगळी करडी पडलेली. वर एक ओळ : ही सेटिंग तुमच्या प्रशासकाच्या ताब्यात आहे. अण्णांनी त्या चौकटीवर पेन टेकवलं, मग बोट टेकवलं, मग नख. शफीनं त्यांचा हात धरला. "मेरे हाथ में नै है अण्णा. ऊपर से बंद करे." मग त्यानं मला समजावून सांगितलं. कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या तरी शहरातल्या दवाखान्यात कुणा टारगटानं काचेवर घाणेरडं काहीतरी लिहिलं होतं. तेव्हा मुख्य कचेरीतल्या प्रशासकानं एक नियम लावला आणि सगळ्या दवाखान्यांतलं हातानं लिहिणं आणि बोटानं चालवणं एका फटक्यात बंद केलं. त्याला काही इथे यावं लागत नाही. तिकडे एक खूण केली की इकडे शंभर मशीनला कुलूप.

आता टीव्हीवर इंग्रजीतले नंबर येऊ लागले आणि पेशंटच्या हातात चिठ्ठी. त्याच आठवड्यात काशीबाई आली. सकाळपासून टीव्हीकडे डोळे लावून बसली ती दुपार टळेपर्यंत बसूनच होती. तिचा नंबर केव्हाच येऊन गेला होता. ती छत्रीची वाट बघत होती. दवाखाना रिकामा झाला तेव्हा अण्णांचं लक्ष गेलं. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले. ती म्हणाली, "अण्णा, माजी छत्री कामून लावली न्हाईस? म्या काय केलं?" अण्णांचे ओठ हलले. हवा आली. त्या माणसाला पगाराची फिकीर नव्हती, हुद्द्याची तर नव्हतीच. आपल्या हाकेवाचून माणूस बसून राहिला, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. त्या दिवशी ते न जेवता घरी गेले.

शफीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मशीनच्या पोटात कुठेतरी हात घालून तो नियम काढला. पेन चालू झालं, अण्णांचा चेहरा उजळला, काशीबाईची लेक तिला पुन्हा घेऊन आलीच होती. अण्णा घाईनं छत्री काढायला लागले. वरची कमान झाली, काड्या झाल्या, दांडा निम्म्यावर आला आणि पेन मेलं. वरचा नियम दर तासा-दीड तासानं आपोआप पुन्हा खाली उतरतो, हे शफीला माहीत होतं, पण इतक्या लवकर उतरेल असं वाटलं नव्हतं. टीव्हीवर ती अर्धी छत्री तशीच लटकत राहिली. दांडा नाही, मूठ नाही. काशीबाई मात्र अर्ध्या छत्रीवर उठून आत गेली.

पुढे मुख्य कचेरीतून एक साहेब पाहणीला आला. मीच बोलले, अण्णा बाजूला उभे. हा माणूस बोलू शकत नाही, ह्याचं लिहिणं हेच ह्याचं बोलणं, एवढ्या एका मशीनवरचा नियम उठवा. साहेबानं अण्णांच्या गळ्यावरच्या रुमालाकडे पाहिलं आणि खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून स्वतःचे हात चोळले. अजून ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणाला, "बाई, एका माणसासाठी पॉलिसी बदलत नसतात. शिवाय कॉम्प्युटरला ह्यांची अक्षरं ओळखताच येत नाहीत. मराठी नाही, कानडी नाही. मग उपयोग काय?" मी म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटरनं कशाला ओळखायची? माणसं ओळखतात." तो हसला. शफी हळूच म्हणाला की हे एक मशीन वेगळ्या गटात टाकलं की झालं, दोन मिनिटांचं काम आहे. साहेब म्हणाला, "मग उद्या प्रत्येक जण मागेल."

प्रत्येक जण! आणि मागितलंच की. महिन्याभरात मुख्य कचेरीतल्या कुणा बड्या सर्जनला पेनानं काचेवर औषधं लिहायची हुक्की आली. एका संध्याकाळीत डॉक्टरांचा वेगळा गट झाला आणि त्यांची पेनं चालू झाली. आमच्याकडचे डॉक्टरसुद्धा काचेवर लिहू लागले, आणि ते काय लिहितात हे मला औषधवालीलाही वाचता येईना. मी मुख्य कचेरीत फोन केला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, ते डॉक्टर आहेत ना. हे डॉक्टर नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. काही माणसं दुष्ट असतात, त्यांचा राग तरी धरता येतो. ह्या लोकांना अण्णांशी काही देणंघेणंच नव्हतं. मला किळस येते ती ह्याचीच.

दुसऱ्या दिवशी अण्णा घरून एक मोठी कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यातून त्यांनी एक काळी छत्री काढली, कंदील काढला, लाकडी फणी, पितळी तांब्या, आणि नातीचं खेळण्यातलं शेळीचं पिल्लू. काशीबाईचा नंबर आला तसे ते हॉलच्या मधोमध आले आणि त्यांनी छत्री उघडली. छपराखाली, एसीत, गळ्याला रुमाल बांधलेला माणूस छत्री उघडून उभा! ती उठली, आत गेली, अण्णांनी छत्री मिटली आणि कंदील उचलला. चार-आठ दिवस हे सुखानं चाललं. मग हॉलमध्ये अडगळ दिसते, कंपनीच्या शिस्तीत बसत नाही, असा निरोप आला आणि अण्णांची बदली तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत झाली. बोलता न येणाऱ्या माणसाला, जिथे कुणीच येत नाही, अशा जागी बसवलं. तिथे ते थोडेच महिने टिकले. गाठ परत आली, ते औरादला घरी गेले, आणि मग टीव्हीवर ती समई...

दिवसकार्य झाल्यावर मी औरादला गेले. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीअक्कानं, ती पिशवी माझ्यापुढे ठेवली. "ही घिऊन जा माय. शेवटाला हातानं सांगायलते, औषधवालीला दे म्हून." मी ती आणून काउंटरखाली ठेवली. छत्री तेवढी काउंटरमागच्या खिळ्याला टांगली, उघडून. का टांगली, तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

परवा काशीबाई आली. हातात चिठ्ठी, टीव्हीकडे पाठ करून बसलेली. तिचा नंबर टीव्हीवर येऊन गेला, ती हलली नाही. पाणी प्यायला म्हणून उठली आणि काउंटरपाशी थांबली. वर बघत म्हणाली, "माजी छत्री लागली की गं! जाऊ का आत?" मी मान हलवली. ती पदर सारखा करून गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली, पुन्हा काउंटरपाशी आली. मला वाटलं गोळ्या मागेल. पण तिनं आधी छत्रीकडे बोट दाखवलं.

"मिटव की पोरी. माजं झालं. मागची कवाची बसलीया, तिची लाव."

मी छत्री मिटली. हॉलमध्ये मागच्या बाकावर एक म्हातारी टीव्हीकडे एकटक बघत बसलेली होती. तिची खूण मला पाठ होती. मी खाली वाकले आणि पिशवीतून कंदील काढला.