पाच, चार, तीन, अठरा

मुलं त्यांना तुरटीसर म्हणत. हे नाव बावीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वर्गाने ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक वर्गाला ते बाकावर कोरलेल्या नावांसारखं आयतं मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा आठवडा शाळेत कुणालाच नको असतो. परीक्षा संपलेली असते. निम्मी मुलं आजोळी पोचलेली असतात आणि उरलेली खिडकीतून तिकडेच गेलेली असतात. बाकीचे शिक्षक ‘चित्रं काढा’ असं सांगून पेपर तपासत बसतात. तुरटीसरांची रीत वेगळी होती. सोमवारी ते गरम पाण्यात तुरटी घालत, ती विरघळेनाशी होऊन तळाशी उरेपर्यंत. मग प्रत्येकाला एक काचेची बरणी, बरणीवर आडवी पेन्सिल, पेन्सिलीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला तुरटीचा गव्हाच्या दाण्याएवढा खडा. पाणी उडत जातं, तुरटी खड्यावर चढत जाते. रोज पट्टीने मापायचं, वहीत लिहायचं आणि शुक्रवारी खडा घरी न्यायचा. आपल्या हातून वाढणारी वस्तू सोडून मूल कुठे जात नाही, एवढं एकच शहाणपण त्यांनी आयुष्यात कमावलं होतं. त्या आठवड्यात त्यांचा वर्ग भरलेला असायचा आणि शेजारचे शिक्षक दारात उभे राहून टोमणे मारायचे.

यंदा सोमवारी सकाळीच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते. पटावर तेहतीस मुलं असली तरी वर्गात पंचवीस डोकी दिसली पाहिजेत. नाही दिसली तर तुकडी शेजारच्या तुकडीत मिसळायची आणि सर अतिरिक्त ठरायचे. अतिरिक्त म्हणजे कचेरीतल्या बाकावर बसून कुठली शाळा आपल्याला पदरात घेते याची वाट बघायची. सरांचं वय चोपन्न होतं.

ते वर्गात परतले तेव्हा पाणी कोमट झालं होतं. त्यांनी तुरटी घातली, ढवळली, तळ स्वच्छ दिसला आणि काम झालं असं समजून बरण्या भरल्या. तळाशी उरायला हवं, हे त्यांनीच बावीस वर्षं सांगितलं होतं.

वर्गात एक मुलगी होती. तिच्या हातात कायम पट्टी, म्हणून सगळे तिला पट्टीच म्हणत. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ नेमकं तिच्यापाशी संपलं, तेव्हा तिने दप्तराच्या उसवलेल्या शिवणीतला निळा दोरा तोडून आपला खडा बांधला.

मंगळवारी खडे लहान झाले होते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, सर, माझा डाएटवर आहे, आणि वर्ग हसला. पट्टी हसली नाही. सोमवारच्या पाचखाली तिने चार मिलिमीटर लिहिलं आणि टेबलापाशी आली.

“सर, काल तळाशी काहीच उरलं नव्हतं. पाणीच अजून भुकेलं आहे का?”

प्रश्न बरोबर होता. बावीस वर्षांत कुणी इतका बरोबर प्रश्न विचारला नव्हता. एरवी त्यांनी तिला फळ्यापाशी उभं केलं असतं, सगळ्यांच्या बरण्या रिकाम्या करून चूक आपली म्हणून सांगितली असती आणि तो आठवड्यातला सर्वांत चांगला तास झाला असता. पण त्यांनी आधी बाकांवरची डोकी मोजली. एकोणतीस होती.

“उद्या वाढेल,” ते म्हणाले.

बुधवारी बावीसच आली. पट्टीने तीन लिहिलं.

सरांच्या घरी कपाटावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. शेवटच्या दिवशी आजारी पडलेल्या, कुठे निघून गेलेल्या, न्यायला येतो सांगून न आलेल्या मुलांचे खडे त्यात कापसात गुंडाळून ठेवलेले होते. गुरुवारी पहाटे सरांनी डबा खाली काढला. बायको चहा गाळत होती. ती नेहमी म्हणायची, लोकांच्या पोरांना तुरटी वाटता, घरात आठवणीने मीठ तेवढं आणत जा. आज तिने डब्याकडे बघून एवढंच विचारलं, “अहो, ती मुलं आली का न्यायला?”

सरांनी डबा पिशवीत घातला. शाळेत शिपायाने कुलूप काढल्या काढल्या त्यांनी तेहतीस बरण्यांतलं पाणी, दाण्याएवढ्या खड्यांसकट, मोरीत ओतलं, नवं दाट पाणी भरलं आणि पांढऱ्या दोऱ्याने जुने खडे टांगले. तेहतीसही पांढरे दोरे.

मुलांनी शाळा डोक्यावर घेतली. एका रात्रीत काचेचे डोंगर उगवले, ही बातमी दुपारपर्यंत आजोळी निघालेल्या पिशव्यांपर्यंत पोचली. पट्टी मात्र मापत होती. पुसून पुन्हा मापत होती.

“सर, मी काय लिहू?”

“दिसतं ते लिही.”

तिने अठरा लिहिलं.

शुक्रवारी एकतीस मुलं आली. साहेबांनी डोकी मोजली, एक खडा उजेडात धरला, असं शिक्षण हवं म्हणाले आणि गैरहजर मुलाचा खडा रुमालात गुंडाळून खिशात घातला. तुकडी राहिली. मोठ्या बाईंनी चहा मागवला.

घंटा झाल्यावर वर्ग रिकामा झाला तशी पट्टी टेबलापाशी आली आणि तिने खडा ठेवला.

“हा माझा नाही, सर. माझा दोरा निळा होता.”

“निळा तुटला. मी बदलला.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सरांना वाटलं, आता ती ‘हे खोटं आहे’ म्हणेल, आणि ती म्हणाली तर बरं होईल. पण ती दहा वर्षांची होती आणि ते सर होते. तिने वही उघडली, खोडरबर काढलं आणि पाच सोडून मधले दोन्ही आकडे पुसले. कागद जरा फाटला.

“मग माझंच मापायला चुकलं असणार. मधे काय असायला हवं होतं?”

बाहेर एक आई हाका मारत होती.

“नऊ,” ते म्हणाले. “मग तेरा.”

तिने नीट अक्षरात लिहिलं आणि खडा दप्तरात टाकला.

सुट्टीनंतर वर्ग पुन्हा भरला. सरांनी सगळ्यांना एकेक थर्मामीटर दिला आणि ग्लासातल्या पाण्याचं तापमान बघायला सांगितलं. मुलं वाकली, भांडली, पाणी सांडलं. पट्टीचा थर्मामीटर अजून कागदाच्या वेष्टनातच होता. तिने पेन उघडून हात वर केला.

“सर, किती यायला हवंय?”

सरांनी वर्गाकडे बघितलं. सगळी होती. त्यांनी आकडा सांगितला.