डावखुरीचं विमान

"डावखुरीच्या हातात दिल्यावर इमान डावीकडंच जाणार की!" तात्या म्हणाले आणि ओसरीवर हशा पिकला.

मी आत चहा गाळत होते. बारामतीच्या धावपट्टीवरून मी विमान उडवतानाचा व्हिडिओ पप्पांनी गावी, कळसला, आल्याआल्या धाकट्या भावाला, तात्यांना, दाखवायला काढला होता. त्यात विमान धावू लागताच नाक डावीकडे सरकतं, शेजारी बसून शिकवणाऱ्या सरांचा "राइट रडर! राइट रडर!" असा आवाज येतो आणि मग ते पट्टीच्या मध्यावर येतं. तात्यांनी तेवढंच दोनदा लावलं.

पप्पाही हसले. ते मला जास्त लागलं.

लहानपणी डावा हात ताटात गेला की काकी उलथन्याची मूठ बोटांवर मारायची. प्रसाद घेताना चारचौघांत हात मागे ओढायची. विमानात मात्र डाव्या खुर्चीवर बसायचं, उजवा हात इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर ठेवायचा आणि विमान वळवायचं हँडल डाव्या हातात धरायचं. सगळ्यांनीच. तिथं पहिल्यांदा माझ्या डाव्या हाताला कुणी काही बोललं नाही.

आणि नाक वळतं त्यात हाताचा संबंधच नाही. पुढचा पंखा आम्हाला आतून घड्याळाच्या काट्यांसारखा फिरताना दिसतो. त्यानं मागे फेकलेली हवा विमानाभोवती वेढे घेत शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, नाक डावीकडे. शिवाय पंखा एका बाजूला फिरतो म्हणून विमान उलट्या बाजूला कलू बघतं, डाव्या चाकावर भार येतो. इंजिनाचा जोर जास्त आणि वेग कमी असला की हे फार जाणवतं. म्हणून रडरचं, म्हणजे शेपटीचं ते पातं वळवायचं, उजवं पेडल पायानं दाबून धरायचं. एवढंच.

हे मला इंग्रजीत पाठ होतं. मराठीत सांगायला लागले की या घरात माझ्या शहरी उच्चारांवर हसतात, म्हणून मी गप्प राहायला शिकले होते.

"दादा, उद्या तिला एकटीला नगं सोडू," तात्या म्हणाले. "हातपाय मोडला तर सोयरीक कोन करंल?"

दुसऱ्या दिवशी सर शेजारी नसताना मी पहिल्यांदा उडणार होते. मी मरेन अशी भीती कुणालाच नव्हती. मोडेन, अशी होती.

"बाळा," पप्पांनी आत हाक मारली, "सरांना कळव, बरं वाटत न्हाय म्हणून. पुढं बघू."

बाळा. मला उडायला पाठवताना हेच पप्पा 'माझी पोरगी पायलट होणार' असं गावभर सांगत फिरले होते.

मी चहाचा ट्रे बाहेर आणून ठेवला. काकीनं डोळ्यांनी खुणावलं, आत जा. मी तिथंच उभी राहिले.

"पप्पा, माझ्याबरोबरची सगळी मुलं उजव्या हाताची आहेत. त्यांचंही विमान डावीकडेच जातं. मला बरं वाटतंय, आणि उद्या मी जाणार आहे."