केष्टोचा पिंजरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि त्या बिचाऱ्याला तर मी नको नको ते सगळं ऐकवायचे. मुलींना नाही. आईला तर नाहीच नाही. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा, पाणी हवं का, एवढंच विचारलं.

तुम्ही बसा. मला बसवत नाही, मी उभ्याउभ्याच सांगते. आश्विन लागला की माझं हे असं होतं. कुठून तरी ढाक, तो दुर्गापूजेतला मोठा ढोल, ऐकू यायला लागतो आणि मी घरभर फिरत राहते, उघडी दारं लावते, लावलेली उघडते. नवरा म्हणायचा, तुझ्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली? पण सांगते. क्रमानं सांगते, नाहीतर मी निसटून जाईन — मला सवय आहे.

आम्ही कलकत्त्याचे. म्हणजे माझे आजोबा तिथे शिकवायला गेले आणि मग आम्ही तिथलेच झालो. भवानीपुरात एका जुन्या इमारतीचा वरचा मजला आमच्याकडे भाड्यानं होता. घरात मराठी, जिन्याच्या खाली बंगाली, असा आमचा कारभार. मी बाजारात भाव बंगालीत करायचे आणि रडायचे मराठीत. फाळणी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत पूर्व बंगालातून, बोरिशालकडून आलेलं एक कुटुंब राहिलं होतं. आई, वडील आणि माझ्याच वयाची टुलू. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. टुलू माझी मैत्रीण होती. हो, मैत्रीणच होती, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते आठवेल.

टुलूनं येताना एकच गोष्ट आणली होती. तिचा पोपट, केष्टो. गाव सोडायची वेळ आली तेव्हा तिचे आजोबा म्हणाले, माझी झाडं सोडून मी कुठे येऊ? आणि मागेच राहिले. पोपट त्यांनीच पिल्लापासून वाढवलेला. त्याला एकच वाक्य यायचं, आणि ते तो अगदी त्या म्हाताऱ्या आवाजात, मध्ये किंचित खोकल्यासारखं करून म्हणायचा — "टुलू, भात खाबि?" टुलू, भात खातेस का? त्यांच्या घरात भात असो नसो, तो विचारायचा. त्या वर्षी उन्हाळ्यात आजोबा तिकडेच वारल्याचं कळलं. टुलू रडली नाही. ती वर आमच्याकडे आली आणि पिंजऱ्याला कान लावून बसून राहिली.

पिंजरा आमच्याकडे असायचा, हेही सांगायला हवं. त्यांच्या खोलीत ऊन यायचं नाही, म्हणून आईनं तो आमच्या गॅलरीत टांगून घेतला होता. खाली आमची मनी झोपायची. मनी म्हणजे मांजर, म्हातारी, अर्धे दात पडलेली, बाबांची लाडकी. बाबा शाळेतून आले की ती त्यांच्या मांडीवर, आणि बाबांना चहा प्यायला हात मोकळा नाही. केष्टो वरून हरभऱ्याची सालं टाकायचा, ती मनीच्या अंगावर पडायची, ती डोळाही उघडायची नाही. आई म्हणायची, या घरात सगळ्यांत शहाणी हीच दोघं.

तर भोंडला. ऐन दुर्गापूजेच्या दिवसांत आम्हाला कोण विचारतं? म्हणून षष्ठीच्या आदल्या दिवशी, पंचमीला, आमच्याकडे भोंडला असायचा. कलकत्त्यातल्या पाच-सहा मराठी घरांतल्या मुली यायच्या. मधोमध पाट, पाटावर आईनं रांगोळीनं काढलेला हत्ती, त्याच्याभोवती फेर. गाणी झाली की खिरापत. आणि खिरापत म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. खाण्यात काय आहे? खरी गंमत ती ओळखण्यात. डबा बंद ठेवायचा, खुळखुळ वाजवायचा, तिखट की गोड एवढंच सांगायचं. कुणालाच ओळखता आली नाही तर त्या घरची मान ताठ.

त्या वर्षी आमच्यात एक नवी मुलगी आली होती, वसुधा. वडील मेजर, फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेले. पुण्याची. आल्या आल्या तिनं माझ्या मराठीला हसायला सुरुवात केली. मी "पाणी प्यायले" म्हणण्याऐवजी एकदा बंगालीसारखं "पाणी खाल्लं" म्हणाले की काय, झालं, आठवडाभर तेच. शिवाय आदल्या वर्षीच्या आमच्या करंज्या तिनं डबा न वाजवताच ओळखल्या असत्या, असं तीच म्हणाली. मी तिला सांगून टाकलं, यंदाची खिरापत मी करणार, आणि तू सात जन्मात ओळखणार नाहीस. तोंडातून गेलं. मग करणं आलं.

बाजारात एक बाई मला भेटली, पाणकमळाच्या बिया विकणारी. ढ्याप म्हणतात त्याला. बिया भाजल्या की राजगिऱ्यासारख्या फुलतात, पण चव वेगळीच, थोडी पाण्याची, थोडी मातीची. मी त्या कढईत फुलवल्या, गुळात लाडू वळले, हात भाजून घेतले. राजगिरा म्हणतील आणि फसतील! त्या आनंदात मला दोन रात्री झोप नाही. टुलूलासुद्धा सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर — पण जाऊ दे. नाही सांगितलं.

भोंडला रंगला. मग डबा आला. गोड, मी म्हणाले. लाडू का? हो, लाडू. कशाचे? राजगिऱ्याचे! नाही. लाह्यांचे, चुरमुऱ्यांचे, साळीच्या, ज्वारीच्या — नाही, नाही, नाही. वसुधाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती "हरलो" म्हणायला तोंड उघडतच होती, खरंच सांगते, तिचे ओठ मी पाहिले, आणि तेवढ्यात दारात उभी असलेली टुलू पुढे आली. तिला मीच बोलावलं होतं, हत्ती बघायला. तिनं डब्याच्या झाकणाशी नाक नेलं आणि हळूच म्हणाली, "ढ्यापेर मोआ?" ढ्यापाचे लाडू?

तिला काय माहीत की ओळखू नये? आपल्या गावाकडचा वास आला, तिनं नाव घेतलं. एवढंच. पण सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या आणि वसुधा म्हणाली, "अगं, तुमची खिरापत बंगाली मुलीनं ओळखली! म्हणजे ती खिरापतच बंगाली." आईनं टुलूला जवळ घेतलं. पहिला लाडू तिच्या हातात दिला. टुलू तो खाईना, नुसता हुंगत राहिली आणि रडायला लागली, आजोबा गेले तेव्हा रडली नव्हती ती. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. वसुधासुद्धा. माझे लाडू, माझे भाजलेले हात, आणि मी पाटाजवळ एकटी, हत्तीसारखी.

मी गॅलरीत गेले. पिंजऱ्याचं दार उघडलं. केष्टो बाहेर येईना. त्याला कुठे जायचं होतं? मी आत हात घातला, त्याला धरलं, तो माझ्या बोटाला कडकडून चावला आणि मी ओढून त्याला बाहेर फेकलं. चार पिसं माझ्या मुठीत राहिली. तो वेडावाकडा उडाला, समोरच्या घराच्या गच्चीवर टेकला, मग दिसेनासा झाला. तो उडून जावा असं मला वाटत होतं का? हो. त्या क्षणी वाटत होतं. पुढच्या क्षणी नाही, पण पुढच्या क्षणाला कोण विचारतं?

पिसं मी खाली टाकली. मनी उठली, वाकली, हुंगायला लागली. आणि मागून वसुधा किंचाळली, मांजरानं पोपट खाल्ला!

इथपर्यंत मी काहीच बोलले नव्हते. इथे थांबले असते तर आज मी तुम्हाला म्हणू शकले असते की मी फक्त गप्प राहिले. बाबा आले. त्यांनी पिंजऱ्याचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि मला विचारलं, "कुणी उघडलं हे?" मी म्हणाले, "दार सैल होतं. मनीनं पंजा मारला. मी पाहिलं." मी पाहिलं — हे दोन शब्द कुणीही मागितले नव्हते. बोटाचं रक्त विळीनं कापलं म्हणून सांगितलं. आईनं हळद लावली.

बाबा कडक. आपल्या घरातल्या जनावरानं त्या लोकांचं होतं नव्हतं ते खाल्लं, आता ते जनावर इथे राहणार नाही, म्हणाले. आमच्या इमारतीत घाण करणारी मांजरं पोत्यात घालून लांब नेऊन सोडायची पद्धत होती. टुलूच आडवी आली. तिनं आईचा पदर धरला. "बिलाईर की दोष, काकीमा?" मांजराचा काय दोष, तिचा तर धर्मच तो, नका हो तिला सोडू, ती कुठे जाईल म्हातारी? असं ती म्हणत होती, आणि मी तिच्या शेजारी उभी होते. षष्ठीला सकाळी बाबा पोतं घेऊन लांब, शहराच्या टोकाला बेहालाच्या बाजूला गेले. दुपारी परत आले. त्यांनी चहा घेतला नाही. त्यांचा हात मोकळा होता आता.

झालं, हीच कबुली असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटावंसं वाटे. लहान पोर, मत्सर केला, खोटं बोलली, घाबरली — एवढं तर कोणीही माफ करील. पण मी अजून दसऱ्यापाशी आलेच नाही.

दसऱ्याला आई-बाबा सोनं द्यायला बाहेर गेले होते. कलकत्त्यात आपटा कुठला? आम्ही कांचनाची पानं सोनं म्हणून द्यायचो. घरी कोणी आलं तर द्यायला म्हणून मी पितळी ताटात पानं घेऊन थांबले होते. बाहेर विसर्जनाची गर्दी, रस्ताभर ढाक. मी गॅलरीत गेले, आणि कठड्यावर केष्टो बसला होता.

मळलेला. शेपटीची पिसं गेलेली. चोच उघडी टाकून धापा टाकत होता. त्यानं रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोकल्यासारखं करून म्हणाला, "टुलू, भात खाबि?"

टुलू खाली चौकात नळाशी होती. मला तिची बादली भरताना दिसत होती. एक हाक. "टुलू, वर ये" — बास, एवढंच म्हणायचं होतं. ढाकाच्या आवाजात त्याचं बोलणं तिला ऐकू गेलं नाही, पण माझी हाक गेली असती. आणि मग? मग मांजरानं खाल्लेला पोपट कठड्यावर कसा? "मी पाहिलं" म्हणजे काय पाहिलं? बाबांनी मनीला कशासाठी नेलं? हे सगळं मला उभ्याउभ्या सुचलं, पटापट, एकामागून एक. मी इतकी हुशार आधी कधीच नव्हते.

मी पंचा उडवला. तो समोरच्या गच्चीवर गेला. आणि परत आला. परत आला हो! त्याच जागी बसला, तेच विचारलं. मग मी ताट उचललं आणि कठड्यावर आपटलं, आपटतच राहिले, सगळी पानं उडाली. तो गेला. मी वाट पाहिली. तो पुन्हा आला नाही.

टुलूनं वर पाहून विचारलं, काय झालं? मी म्हणाले, कावळा.

संध्याकाळी टुलू बिजोयाचा, विसर्जनानंतर मोठ्यांना करतात तो, नमस्कार करायला वर आली. आई-बाबांच्या पाया पडली. मग गॅलरीत गेली, रोज जायची तशी, रिकाम्या पिंजऱ्याला हात लावून यायला. तिथे तिला पानं पडलेली दिसली. आमच्या रीती तिला दोन वर्षांत पाठ झाल्या होत्या. तिनं एक पान उचललं, फ्रॉकला पुसलं, माझ्या हातात ठेवलं आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "सोनं घे. सोन्यासारखी राहा."

मी घेतलं.